राल्फ नेडर : गाडीची फाईल आणि मतपेटी

मापात_पाप (धागाकर्ते)

अमेरिकेतल्या राल्फ नेडरचं नाव आपल्याकडे निघतं ते एक तर 'गाड्यांच्या कंपनीला गुडघ्यावर आणणारा वकील' म्हणून, नाहीतर '२०००च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अल गोरची मतं खाणारा' म्हणून. माणूस मला आवडतो हे आधीच सांगून टाकतो, मग मागाहून कोणी पक्षपात काढायला नको. आवडतो तो त्याच्या कागद जमवण्याच्या पद्धतीसाठी. त्यागबिग, साधी राहणी वगैरे ठीक आहे, ती पुष्कळांची असते.

१९६५च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' आलं. पहिलंच प्रकरण जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॉर्वेअरवर. या गाडीचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, सहा सिलिंडरचं. मागचे ॲक्सल 'स्विंग' जातीचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दांड्यांना सांधा फक्त आतल्या टोकाला, डिफरन्शियलपाशी (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग). चाकापाशी सांधा नाहीच. त्यामुळे चाक वरखाली झालं की त्याचा कलही बदलतो. जोरात वळण घेतलं की मागचं अंग उचललं जातं, बाहेरच्या बाजूचं चाक आत दुमडतं, टायरची पकड सुटते आणि गाडीची शेपूट फिरते. पुढे अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) असता तर हे बरंच आवरलं असतं, पण सुरुवातीच्या मॉडेलांत तो दिलाच नाही. त्याऐवजी कंपनीने काय केलं, तर पुढच्या टायरांत १५ आणि मागच्यांत २६ पौंड हवा भरा असं मॅन्युअलमध्ये छापलं.

म्हणजे गाडी उलटणार की नाही, हे पंपावर हवा भरणाऱ्या पोऱ्याच्या हातात. तो बिचारा चारी चाकांत सारखीच हवा मारणार.

नेडरने हे सगळं कुठून काढलं, ते बघा. कॉर्वेअरवरून कंपनीविरुद्ध शंभरावर दावे चालू होते, त्यांची कागदपत्रं, इंजिनिअरांच्या संस्थेतले निबंध, पेटंटं. बहुतेक माल गाड्या बनवणाऱ्या जमातीच्याच तोंडचा. आरोप दुसऱ्याच्या कागदातून करायचा, स्वतःचं मत शेवटी आणि थोडकं. कंपनीने त्याच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं, आणि २२ मार्च १९६६ रोजी जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. ९ सप्टेंबर १९६६ला वाहनसुरक्षेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. खाजगीपणाच्या भंगाचा दावा १९७० साली ४ लाख २५ हजार डॉलरवर मिटला आणि ते पैसे त्याने ग्राहकांच्या पुढच्या कामात घातले.

उमेदवार नेडरकडे नंतर येऊ. आधी जाणकारांनी भर घालावी.

---

खडूस_पारलेकर

भर नाही, दुरुस्ती. पुस्तक बाजारात आलं तोवर कॉर्वेअर बदललेली होती. १९६४च्या मॉडेलला पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवी पाटा स्प्रिंग आली. १९६५ला मागचं सस्पेन्शनच नवं, चाकापाशीही सांधा असलेलं. १९७२ साली सरकारी वाहनसुरक्षा संस्थेने चाचण्या करून म्हटलं की १९६० ते ६३ची कॉर्वेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा उलटण्याच्या बाबतीत वाईट नव्हती. नेडरभक्त हे पान उलटून पुढे जातात.

दुसरं म्हणजे, स्विंग ॲक्सल हा काही एकट्या कॉर्वेअरचा गुन्हा नव्हता. फोक्सवॅगन बीटललाही तोच होता.

---

डबल_डिक्लच

पारलेकरांशी सहमत, पण अर्धेच. कॉर्वेअर हे आठांतलं एक प्रकरण. खरा ऐवज पुढे आहे.

स्टिअरिंगचा दांडा घ्या. तेव्हा तो एकसंध असे, समोरून धडक बसली की थेट चालकाच्या छातीत. उपाय माहीत होता: दांडा दोन तुकड्यांत, एकात एक सरकणारा किंवा जाळीदार, म्हणजे ठरावीक दाबाला तो स्वतःच आखडतो. ऑटोमॅटिक गिअरचंही तसंच. काही गाड्यांत क्रम पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो आणि टोकाला रिव्हर्स. लो आणि रिव्हर्स शेजारी शेजारी! दुसऱ्या कंपनीची गाडी हातात आली की माणूस पुढे जायचं म्हणून मागे जाणार. डॅशबोर्डावरच्या धारदार मुठी, चकचकीत क्रोमचा डोळ्यांवर येणारा उजेड, धडकेत उघडणारी दारं, सगळं त्यात आहे.

१ जानेवारी १९६८पासून लागू झालेल्या मानकांत आखडणारा दांडा, सीटबेल्ट, मऊ डॅशबोर्ड हे आलं. साठच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत दर १० कोटी मैलांमागे साडेपाचच्या आसपास माणसं मरत. पन्नास वर्षांनी हा आकडा सव्वाच्याही खाली होता. सगळं श्रेय एका माणसाचं नाही, रस्ते आणि दवाखानेही सुधारले. पण 'अपघात म्हणजे चालकाची चूक' हे वाक्य त्याने मोडलं. चूक होणारच, ती झाल्यावर गाडीने माणसाला मारू नये, हा विचार तिथून कायद्यात शिरला.

---

स्लो_लोकल

आपल्याकडे हे कुठवर आलंय?

---

डबल_डिक्लच

थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ला कलम ११०-अ आलं. सदोष गाडी परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. नियम १ एप्रिल २०२१पासून लागू. अडचण अशी की गाडी सात वर्षांच्या आतली हवी आणि तक्रारींची संख्या मोजली जाते. म्हणून सर्व्हिस सेंटरात आरडाओरडा करून उपयोग नाही, तक्रार सरकारी पोर्टलवर चढली पाहिजे. तिथे चढली नाही तर ती हिशेबात नाही.

चालकापुढची एअरबॅग १ जुलै २०१९पासून सक्तीची, शेजारच्या सीटची २०२१मध्ये. भारत एनकॅप, म्हणजे गाडी धडकवून तिला तारे देणारी चाचणी, १ ऑक्टोबर २०२३पासून. मागच्या सीटचा पट्टा नियमात आधीपासून होता, मुंबईत पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२पासून तो मनावर घेतला. काळ्यापिवळीत मागे बसून पट्टा शोधा, बहुतेकदा बक्कल सीटखाली गडप झालेलं असतं.

---

शिवडीची_ताई

विमानाची गोष्ट राहिली. १९७२च्या एप्रिलमध्ये ॲलिगेनी एअरलाइन्सने कन्फर्म तिकीट असून नेडरला उतरवलं, कारण जागांपेक्षा तिकिटं जास्त विकलेली. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७६ला कोर्ट म्हणालं की जास्त विक्री करतो हे प्रवाशापासून लपवलं म्हणून कंपनीवर दावा चालू शकतो. त्यानंतर 'कोण स्वखुशीने उतरतंय' असं आधी विचारण्याचा नियम आला.

तोच नियम आपल्याकडे डीजीसीएच्या (सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या) पत्रकात आहे. सांताक्रूझला काउंटरवर 'फ्लाइट फुल' ऐकू आलं तर हे लक्षात असू द्या:

पर्यायी विमान मूळ वेळेनंतर तासाभरात असेल तर भरपाई नाही. २४ तासांत असेल तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार याच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. २४ तासांच्या पुढे ४०० टक्के, कमाल २०,०००. पर्यायी विमान नको असेल तर पूर्ण परतावा आणि वर ४०० टक्के, मर्यादा तीच २०,०००.

चूक कुठे होते? लोक 'पुढच्या फ्लाइटवर घाला' म्हणतात आणि समोर आलेल्या कागदावर सही करतात. त्यावर 'स्वेच्छेने' असा शब्द असला की मामला संपला. काउंटरवरून 'प्रवेश नाकारला' असं लेखी घ्या. देत नाहीत तर तिथूनच, त्याच मिनिटाला, कंपनीला ईमेल टाका. वेळ आपोआप नोंदली जाते.

---

स्लो_लोकल

ताई, आणि ग्राहक आयोगात जायचं झालं तर? वकिलाशिवाय जमतं का? उपनगरवाल्यांसाठी वांद्र्यालाच ना?

---

शिवडीची_ताई

हो, उपनगर जिल्ह्याचं वांद्रे पूर्वेला. वकिलाशिवाय जमतं, कायद्यातच मुभा आहे. २०१९चा कायदा २० जुलै २०२०पासून लागू आहे आणि आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी गुडगावची असली तरी तुम्ही वांद्र्यालाच.

कुठल्या आयोगात जायचं ते भरलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय. ५ लाखांपर्यंत फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. दाखल करायचं ई-जागृती पोर्टलवर. त्याआधी १९१५ हेल्पलाइनवर फोन करून बघा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. पण हेल्पलाइनवर गेलात म्हणून मुदत थांबत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षं. उलटली तर विलंबमाफीचा अर्ज, आणि उशीर का झाला याचं सबळ कारण.

आता फाईल. नेडरसारखीच लावायची. सगळ्यात वर घटनाक्रम: तारीख, काय झालं, पुरावा पान क्रमांक अमुक. एका पानात बसला पाहिजे. मग तक्रार, प्रतिज्ञापत्र, मग बिल, वॉरंटी कार्ड, प्रत्येक जॉबशीट, ईमेल. सगळ्याला सलग पान क्रमांक. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र सोबत लावा, नंतर समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

प्रकरणं ढेपाळतात ती बहुधा या कारणांनी:

सामनेवाल्याचं (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं) नाव चुकतं. बोर्डावर ब्रँड असतो, कंपनी वेगळीच असते. नाव आणि पत्ता जीएसटी बिलावरून घ्या. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर जो हजर असेल तो गैरहजराकडे बोट दाखवतो.

बिल दुकानाच्या किंवा फर्मच्या नावाने असतं. मग 'व्यापारी हेतू' हा आक्षेप पहिल्याच तारखेला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू चालते, पण ते तक्रारीतच लिहायला हवं.

वस्तू उघडून ठेवतात. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवतो. बाहेरच्या मेकॅनिकने हात लावलेली वस्तू तिथे काही सिद्ध करत नाही.

आणि मानसिक त्रासाचे दहा लाख. मिक्सर साडेचार हजारांचा! जे मागाल त्याचा आधार लिहा: इतके दिवस वस्तू बंद, इतका रिक्षाखर्च, इतके हेलपाटे.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर १५ वाढीव. सुप्रीम कोर्टाने २०२०ला सांगितलंय की त्यापुढे नाही. तारीख मोजत राहा आणि ४६व्या दिवशी 'आता उत्तर घेऊ नका' असा लेखी अर्ज द्या. आदेश पाळला नाही तर कलम ७२खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० दंड, किंवा दोन्ही. 'निकाल लागला पण पैसे नाहीत' म्हणून घरी बसणारे या कलमाखाली अर्ज करतच नाहीत.

---

गिरणगावी

ताईंचा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा. +१.

अवांतर: उत्पादक दायित्व हे अख्खं सहावं प्रकरण २०१९च्या कायद्यात नवं आहे. सदोष रचना, सदोष सूचना, दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार. टायरमधल्या १५ आणि २६चा मामला आज इथे आला असता तर 'सूचना दिली होती' एवढ्यावर भागलं नसतं.

---

खडूस_पारलेकर

आता उमेदवाराकडे वळू या? धागाकर्ते आवडीच्या भागावर रेंगाळताहेत.

---

मापात_पाप

वळतो.

१९९६ला ग्रीन पक्षाकडून, जवळजवळ प्रचार न करता, ६ लाख ८५ हजारांच्या आसपास मतं. २०००ला विनोना लाड्यूकला उपराष्ट्राध्यक्षपदाची जोडीदार घेऊन, ४३ राज्यं आणि राजधानीतल्या मतपत्रिकांवर नाव, २८ लाख ८२ हजार ९५५ मतं, म्हणजे २.७४ टक्के. २००४ला अपक्ष, ४ लाख ६५ हजारांच्या घरात. २००८ला पुन्हा अपक्ष, ७ लाख ३९ हजारांच्या आसपास.

२०००चं उद्दिष्ट जिंकणं नव्हतंच. ५ टक्के मिळाले असते तर पुढच्या निवडणुकीत पक्षाला सरकारी निधी मिळाला असता. वादसभांना बोलावणं यायला पाहणीत १५ टक्के हवे होते. बोस्टनच्या ३ ऑक्टोबरच्या वादसभेला तर शेजारच्या सभागृहात पडद्यावर ती बघण्याचं तिकीट हातात असून त्याला आत सोडलं नाही.

फ्लोरिडात त्याला ९७,४८८ मतं. बुश यांची आघाडी ५३७. तिथले राष्ट्राध्यक्ष निवडणारे २५ प्रतिनिधी बुशकडे, एकूण २७१ विरुद्ध २६६. म्हणून 'मतं खाल्ली'.

---

खडूस_पारलेकर

मग खाल्लीच की. ९७ हजारांतले एक टक्का जास्तीचे गोरकडे वळले असते तरी पुरे होतं. नुसतं फ्लोरिडाच नाही, न्यू हॅम्पशायरही बघा: बुश यांची आघाडी ७,२११, नेडर २२,१९८. फाईल करताना जो माणूस दशांश सोडत नव्हता, त्याला हे गणित कळत नव्हतं असं मी मानत नाही. कळूनही शेवटच्या आठवड्यात तो अटीतटीच्या राज्यांत फिरत राहिला. टक्का वाढवायचा होता तर न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, टेक्सास अशा निकाल ठरलेल्या ठिकाणी जायचं. त्याच्या समर्थकांतच 'मतांची अदलाबदल' (अटीतटीच्या राज्यात मी गोरला देतो, निकाल ठरलेल्या राज्यात तू नेडरला दे) करणारे निघाले, हे काय उगाच?

---

गिरणगावी

पारलेकर, फ्लोरिडात मतपत्रिकेवरच्या प्रत्येक छोट्या उमेदवाराला ५३७हून जास्त मतं पडली होती. आठही जणांना. शिवाय पाम बीचची ती दोन पानांची मतपत्रिका, बाजूंना नावं आणि मध्ये भोकं, जिथे त्या घोळात रिफॉर्म पक्षाच्या ब्यूकॅननला ३,४०७ मतं पडली. फेरमोजणी ९ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने थांबवली आणि १२ला कायमची बंद केली. एवढ्या कारणांतून एकालाच पकडायचं म्हणजे कॉर्वेअरच्या सगळ्या अपघातांना टायरमधली हवाच जबाबदार म्हणण्यासारखं.

---

खडूस_पारलेकर

उपमा चांगली आहे. पटली नाही.

---

शिवडीची_ताई

तुमचं चालू द्या. मला वाटतं, नेडरची तुलना अमेरिकेतल्या कुणाशी न करता गोरेगावशी करावी. मृणालताई गोरे. १९६१ला महापालिकेत, १९७२ला विधानसभेत, १९७७ला उत्तर मुंबईतून लोकसभेत. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा त्या निवडणुकीची. क्रम बघा: नळाच्या प्रश्नावरून वॉर्ड, मग आमदारकी, मग खासदारकी. नेडर एकदम राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, कधी नगरसेवक झाला नाही.

१९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणी-थाळ्या घेऊन बायका रस्त्यावर आल्या, त्यात मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट. मागण्या किराण्याच्या: साखर, तेल, रॉकेल. दोघीही १९७७ला मुंबईतून निवडून आल्या. मतदाराला उमेदवाराचं तोंड आधी रेशनच्या रांगेत दिसलं होतं. नेडरचं तोंड लोकांनी पाहिलं ते टीव्हीवर आणि सिनेटपुढे.

दुसरीकडे, ज्या साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला त्याच १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७५ला मुंबई ग्राहक पंचायत, बिंदुमाधव जोशी आणि सुधीर फडके यांच्या पुढाकारातली. पंचायतीचं वेगळेपण वाटपात: शेजारची घरं मिळून संघ, महिन्याची यादी, माल एकत्र खरेदी, उतरवून घेणं आणि वाटणं सभासदांनीच. निवडणूक न लढवताही दर महिन्याला माणसं एकत्र येतात. नेडरच्या संस्थांत तरुण वकील आणि संशोधक भरपूर होते, असा गल्लीतला संघ नव्हता. मतं कमी का पडली, याचं उत्तर मला तिथे दिसतं.

---

मापात_पाप

ताई, हे मान्य. माझ्या आवडीला धक्का बसला तरी मान्य.

---

स्लो_लोकल

समजा मुंबईत एखाद्या ग्राहक कार्यकर्त्याने विधानसभेला अपक्ष उभं राहायचं ठरवलं, तर तांत्रिक बाजूने काय काय लागतं?

---

गिरणगावी

उमेदवारी अर्ज नमुना २-ब. अपक्षाला १० सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारे), सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच. म्हणून १०च्या भरवशावर राहू नका. एकाचं नाव यादीतून उडालेलं निघतं, एकाचा भाग क्रमांक चुकतो आणि छाननीत अर्ज बाद. जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात. चारही भरा, प्रत्येकावर वेगळे दहा सूचक. अनामत एकदाच, १०,०००. अनुसूचित जाती-जमातींना ५,०००. वैध मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मतं नसतील तर जप्त. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर यादीची प्रमाणित प्रत हवी.

नमुना २६चं प्रतिज्ञापत्र नोटरी केलेलं. एकही रकाना कोरा नको. 'नाही', 'लागू नाही' असं लिहायचं. कोरा ठेवला आणि सांगूनही भरला नाही तर अर्ज बाद होतो, हे २०१३च्या निकालापासून पक्कं आहे. शपथ घ्यायची ती अर्ज भरल्यावर आणि छाननीच्या दिवसाआधी. ही विसरणारे दरवेळी निघतात.

खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी. मर्यादा ४० लाख. एका व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत १०,०००पेक्षा जास्त रोख नाही. वडापाव, चहा, खुर्ची, मंडप यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात. कार्यकर्त्याने स्वस्तात आणलं तरी निरीक्षक आपला दर लावून हिशेब धरतो. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता.

आणि ग्राहक संस्थेचा पैसा, लेटरहेड, ऑफिस, काही वापरायचं नाही. धर्मादाय संस्था प्रचारात दिसली की तिच्या नोंदणीवर आणि करसवलतीवर येतं. अमेरिकेतही करमुक्त संस्थांना तीच बंदी आहे. त्यामुळे वीस वर्षं संस्थेच्या नावाने जमवलेली ओळख ऐन प्रचारात खुंटीला टांगावी लागते.

---

खडूस_पारलेकर

हरल्यावरही काम संपत नाही. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, व्हाउचरांसकट. दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. अनामत गेलेले बहुतेक अपक्ष इथेच गळतात.

---

शिवडीची_ताई

ज्याला ग्राहक आयोगापुढे ४६वा दिवस मोजायची सवय आहे, त्याचा हा ३०वा चुकायचा नाही, पारलेकर.